आला का गुण?

आमच्या खोलीतले ढेकूण काकांच्या काढ्यानं गेले नव्हते. सांगायचं ते एवढंच आहे, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. लग्नकार्यात कुठे घरातल्या किड्यामुंग्यांचा विषय निघाला की ती अजून मोठ्या कौतुकानं सांगते, "आमच्या सोलापूरच्या घरमालकांनी नुसत्या झाडपाल्यानं ढेकूण घालवले होते. औषधाचा थेंब नाही." मी तेव्हा ताटातल्या भाताशी चाळा करत बसतो.

काका म्हणजे हे घरमालक. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केलेली. मी एका पतसंस्थेत कारकून, मूळचा करमाळ्याकडचा. त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या आमच्याकडे, मागच्या त्यांच्याकडे, गच्ची दोघांची. समोरच्या घरात दिवसभर टॉवेलचे माग खडखडायचे. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी भाड्याच्या आधी अट सांगितली.

"हे बघा म्यानेजर," ते म्हणाले. मी कारकून आहे हे सांगून झालं होतं, पण त्यांनी मला त्या दिवसापासून म्यानेजरच केलं. "ह्या घरात फवारा न्हाय, खडू न्हाय, जाळायची कॉइल न्हाय. आमच्या हिला दम्याचा त्रास हाय. मुंगी निघू द्या, झुरळ निघू द्या, मला हाक मारायची. मी हाय की."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मान डोलावणं मला फार लवकर जमतं.

घरातल्या किड्यांकडे काका गाडीतल्या प्रवाशांसारखं बघायचे. मुंग्या म्हणजे पासवाल्या. रोज ठरल्या वेळी येणार, ठरल्या रांगेनं जाणार, त्यांना उतरवायचं नाही, फक्त गाडी दुसऱ्या रस्त्यानं न्यायची. दारातनं मुंग्यांची रांग आत आली की ते बाहेरच्या पायरीवर गुळाचा खडा ठेवायचे, तिथनं कुंपणापर्यंत थोडा थोडा गूळ टेकवत न्यायचे, आणि उंबऱ्यावर हळद चोळून ठेवायचे. मग स्टुलावर बसून बघत राहायचे. रांग वळली की खूश. "बघा, कुनाला ढकललं न्हाय, कुनाशी भांडन न्हाय." झुरळं म्हणजे विनातिकीट. पाल म्हणजे चेकर, तिला कुणी झाडू उगारलेला त्यांना चालायचा नाही. "ती हाय म्हणून बाकीचे नीट वागतात." आणि ढेकूण म्हणजे वस्तीचा. "ह्यो एकदा गाडीत शिरला की शेवटच्या स्टॉपलाबी उतरत न्हाय."

ढेकणांशी त्यांचं जुनं वैर होतं. वैरागच्या पलीकडे कुठल्या तरी गावाला रात्रीच्या मुक्कामाची, म्हणजे वस्तीची गाडी घेऊन जायचे, आणि गाडीत उकडतं म्हणून कुणाच्या तरी ओसरीवर बाजेवर पडायचे. सकाळी तिकिटं फाडताना एका हातानं पाठ खाजवायची. "पाशिंजर विचारायचं, मास्तर, काय झालं? काय सांगायचं? सरकारी अंगावर ढेकूण चावलंय?"

संध्याकाळी ते आमच्या मोरीचा दरवाजा वाजवायचे. "सूनबाई, मोरी कोरडी केली का? झुरळाला तुमची भाकरी नको असती. त्याला पाणी पायजे. पाणी तोडा, मग बघा." नळाला पाणी काही दिवसांआड यायचं, त्यामुळे घरात पिंपंच पिंपं, प्रत्येक पिंपाच्या तोंडाला काकूंच्या जुन्या लुगड्याचं फडकं ताणून बांधलेलं. आमच्याही. फडकं सैल दिसलं की तेच घट्ट करून जायचे आणि वर ऐकवायचे, "डासांनी पाळणाघर काढलं असतं हितं." ज्वारीच्या कोठीत कडुनिंबाचा वाळलेला पाला, कपड्यांत वेखंडाचे तुकडे, पुस्तकांत निरगुडी. आमच्या घराला एक कडवट वास होता. ऑफिसात शेजारचा म्हणायचा, "तुझ्या डब्यातली भाकरीसुद्धा औषधी लागते."

सीताफळाच्या दिवसांत त्यांचं वेगळंच काही सुरू व्हायचं. लेक बार्शीला दिली होती, तिच्याकडून टोपलीभर सीताफळं यायची. ती ते गल्लीभर वाटायचे, आणि मग ज्याला दिली त्याच्या दारात स्टीलचा डबा घेऊन उभे. "बी थुकू नका. बी माझी." समोरच्या मागवाल्यांच्या घरातल्या अक्का तोंड भरलेलं असतानाच हसायच्या. "अवो काका, तोंडातलं तरी संपू द्या की ओ." बिया धुऊन, गच्चीवर वाळवून, कुटून त्यांची पूड करायची. कुटताना नाकातोंडाला फडकं, आणि कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. "डोळ्यात गेली तर बोंबलत बसाल. हे खेळणं न्हाय." त्या पुडीत निरगुडी, कडुनिंब आणि आणखी काय काय घालून लोखंडी कढईत काढा उकळायचा. तोच ढेकणांवरचा काढा. तो पुरा जमला आहे असं ते स्वतः कधी म्हणाले नव्हते. हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. "ढेकूण मरतो," ते म्हणायचे, "अंडं मरत न्हाय. म्हणून काढा झाला तरी ऊन पायजे, उकळतं पाणी पायजे, आन् परत परत करायला पायजे. नुसत्या काढ्यावर भागत न्हाय."

एवढं सगळं करून झालं की ते दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्यानं विचारायला यायचे, "आला का गुण?" आणि समोरचा तोंड उघडायच्या आत, "खरं सांगायचं. माझ्या तोंडाकडं बघून सांगायचं न्हाय."

एकदा अक्कांना त्यांनी साखरेच्या डब्यात ठेवायला लवंगा दिल्या होत्या. चार लोकांत अक्का म्हणाल्या, "काय उपेग नाय ओ तुमच्या लवंगाचा. मुंग्या पयल्यापेक्षा जास्ती आल्या. लवंगा आवडल्या वाटतं त्यांना."

सगळे हसले. काका कुणाहीपेक्षा जास्त हसले. आत जाऊन काकूंना म्हणाले, "अक्काला चहा टाक गं. न्हाय म्हणणारं मानूस मिळालंय." मग मला म्हणाले, "म्यानेजर, व्हय म्हणणारी लई असत्यात. व्हय म्हटल्यावर मला काय कळतं? न्हाय म्हटलं की कळतं, कुटं चुकलं."

त्या घरात 'नाही' म्हणणाऱ्याला चहा मिळायचा. हे मी डोळ्यांनी बघितलं होतं.

ढेकूण आमच्याकडे मीच आणले. जुन्या बाजारातून एक सागवानी दिवाण स्वस्तात मिळाला म्हणून टेम्पोत घालून आणला. मुलगी तेव्हा बालवाडीत होती; तिला त्याच्यावर झोपायचं भारी वेड. काही दिवसांत तिच्या दंडावर ओळीनं गांधी उठायला लागल्या. काकांनी चादरीवरचे बारीक तपकिरी डाग बघितले, दिवाणाच्या सांध्यात टाचणी फिरवली, टाचणीचं टोक उजेडाला धरलं.

"वस्तीचे आलेत," म्हणाले.

ते लगेच कामाला लागले. दिवाण गच्चीवर, गादी काळ्या प्लास्टिकात गुंडाळून उन्हात, सांध्यांत उकळतं पाणी, वरून काढा. पण दिवस दिवाळीच्या तोंडचे, सोलापूरचं ते उन्हाळ्यातलं ऊन नव्हतं. ढेकूण कमी व्हायचे आणि परत दिसायचे. ते विचारायचे, "आला का गुण?" मी म्हणायचो, "थोडा आहे, काका." तेव्हा मी खरं बोलत होतो. ते मान हलवायचे, "मेमधी घेतलं असतं तर एका उन्हात काम झालं असतं. धीर धरा."

बायकोकडे धीर नव्हता, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बालवाडीतल्या बाईंनी मुलीचा हात बघून विचारलं होतं, घरी स्वच्छता ठेवता ना? दिवाळीला ती लेकीला घेऊन माहेरी करमाळ्याला निघाली आणि एसटी स्टँडवर म्हणाली, "ढेकूण गेल्याचा फोन करा, मग येते. काकांना काय वाटेल ते तुम्ही बघा."

त्याच आठवड्यात काका-काकू लेकीकडे बार्शीला गेले. घरात मी एकटा.

मी फवारणीवाल्याला बोलावलं. पाठीवर पंप घेऊन तो आला. दारातच कडुनिंबाचा पाला, पिंपावरची फडकी बघून म्हणाला, "मालकांना सांगितलंय ना, साहेब? वास दोन-तीन दिवस राहतो." मी म्हणालो, सांगितलंय. त्यानं दिवाण, भिंतीच्या फटी, कपाटामागची जागा सगळं भिजवलं. मी सगळ्या खिडक्या उघड्या टाकून गच्चीवर झोपलो. फरशी पुसली, परत पुसली. वास गेला असं मला वाटलं.

काका आले ते थेट आमच्या दारात, पिशवी खांद्यावरच. "म्यानेजर, जाताना शेवटचा काढा मारून गेलो होतो. आला का गुण?"

इथे थांबून सांगतो. मी 'नाही' म्हणू शकलो असतो. "काका, नाही आला, मी फवारून घेतलं, चूक झाली." ते चिडले असते. कदाचित खोली सोडायला सांगितलं असतं. मी ठरवलं होतं की नुसतं "हो, कमी झालेत" म्हणायचं, अंगावर घ्यायचं नाही. पण ते टाचणी आणि बॅटरी घेऊन दिवाणाशी बसले. प्रत्येक सांधा बघितला. टाचणीला वाळून कोंडा झालेले ढेकूण लागत होते, आणि जिवंत एकही नाही. अंडी फुटून निघालेलं पिलूसुद्धा नाही. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

"अंड्यासकट?" म्हणाले. "काढ्यानं?"

मी म्हणालो, "हो काका. गुण आला."

"डबल बेल!" ते ओरडले, आणि हवेतली दोरी दोनदा ओढली. "अगं ए, ऐकलंस का? अंड्यासकट गेलं!"

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर नाकाला लावला होता. त्या तशाच मागच्या खोलीत गेल्या. मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल.

काकांनी खिशातून मोबाईल काढला आणि तिकिटाचं मशीन धरावं तसा माझ्या तोंडासमोर धरला. त्यांचा रिटायर लोकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. "बोला. तुमच्या तोंडानं बोला. माझं कोन ऐकतंय?" मी बोललो. आवाज माझा बरा आहे. आमच्याकडे ढेकूण होते, काकांच्या सीताफळाच्या काढ्यानं एका वेळेत पूर्ण गेले, मी स्वतः बघितलं आहे. त्यांनी ते माझ्यासमोरच पुन्हा लावून ऐकलं आणि पाठवलं.

मग जे झालं त्याला एक कारण होतं, आणि ते कारण मी होतो. इतकी वर्षं ज्या गोष्टीवर त्यांचा स्वतःचा विश्वास नव्हता, त्यावर तो बसला. "ऊन नको, उकळतं पाणी नको, गादी बाहेर काढायला नको. नुसता काढा मारायचा," ते लोकांना सांगायला लागले. जे खरं कामाचं होतं ते त्यांनी सोडून दिलं. कुणाकुणाचे फोन यायचे, माझा आवाज ऐकून. जुन्या कंडक्टरच्या पिशवीत काढ्याच्या बाटल्या घालून ते निघायचे. घरोघरी जाऊन यायचे आणि लोक त्यांना म्हणायचे, "आला हो गुण, काका." म्हाताऱ्या माणसाला कोण नाही म्हणणार? अक्कांसारखी माणसं सगळ्या घरांत नसतात.

बार्शीला लेकीच्या सासरी धान्याची आडत. तिच्या धाकट्या दिराचं लग्न निघालं, आणि माडीवरच्या खाटांत ढेकूण निघाले. विहीणबाई पंपवाल्याला सांगणार होत्या. काका म्हणाले, "कशाला विष मारता लग्नघरात? मी हाय की." त्यांच्या शब्दावर पंपवाल्याला नको म्हणून सांगितलं. काकांनी काढा मारला, एकदाच, आणि खाटा होत्या तिथे ठेवल्या. लग्नाला सगळा गोतावळा त्या माडीवर झोपला. मुलीकडची माणसं खाजवत उठली. वऱ्हाडाच्या गाद्यांबरोबर ढेकूण आणखी चार घरांत गेले.

हे काकू माझ्या बायकोला सांगत असताना मला ऐकू आलं. विहीणबाई भर पंगतीत लेकीला म्हणाल्या होत्या, "तुझ्या वडलांनी ढेकणांना काढा पाजला का गं? चांगले गुटगुटीत झालेत." लेक आत जाऊन रडली. मग बाहेर येऊन बापाला म्हणाली, "आबा, ह्या पिशवीसंगट परत माझ्या दारात येऊ नका." तिला ते नंतर फोनवर सावरून घ्यायचं होतं, पण काका फोनवर आले नाहीत.

ते परत आले त्यानंतरची एक सकाळ. गच्चीवर ते ज्वारी उन्हात पसरत होते. मी कपडे वाळत घालत होतो.

"म्यानेजर."

"बोला, काका."

"एक इचारतो. माझ्या तोंडाकडं बघून सांगू नका." ते ज्वारीत बोटं फिरवत होते. "तुमच्याकडं नक्की काढ्यानंच गेलं व्हतं न्हवं?"

दुसऱ्यांदा विचारणारी माणसं फार थोडी असतात. मला ती संधी त्यांनी स्वतःहून दिली. सकाळची वेळ, आजूबाजूला कुणी नाही, चिमटा माझ्या हातात.

मी म्हणालो, "हो काका. काढ्यानंच."

त्यांनी हातातली ज्वारी परत पसरली. "मग चूक माझ्या हाताची," म्हणाले.

पुढचे महिने ते स्वतःची चूक शोधत होते. बी जुनं असेल. बार्शीचं पाणी जड असेल. कढई बदलली, म्हणून असेल. तुमच्या वेळी निरगुडी कुठून आणली होती, आठवतं का म्यानेजर? मी आठवल्यासारखं करायचो. ते परत परत काढा उकळायचे, हातांची कातडी निघाली तरी. चूक जिथं होती तिथं त्यांनी कधीच बघितलं नाही. ती माझ्या तोंडात होती.

मग एक दिवस ते थांबले. सीताफळं आली त्या वर्षी, पण डबा घेऊन कुणाच्या दारात गेले नाहीत. अक्कांनी स्वतःहून बिया आणून दिल्या तर म्हणाले, "टाकून द्या की." झुरळं झाली म्हणून अक्का विचारायला आल्या तर, "आणा दुकानातनं कायतरी." संध्याकाळी मोरीचं दार वाजेना. काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, "घरातला चेकरच गेल्यासारखं वाटतंय गं." 'आला का गुण' हे शब्द मी त्यांच्या तोंडून परत ऐकले नाहीत.

आम्ही नंतर फ्लॅट घेतला. आमच्या सोसायटीत फवारणी होते, ग्रुपवर सूचना येते, भांडी झाकून ठेवा. मी झाकतो.

काका गेले तेव्हा भेटायला गेलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, घरात दुकानातल्या फवाऱ्याची बाटली खिडकीत उघड्यावर दिसत होती. बायको आत त्यांच्या लेकीशी बोलत होती. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "मला त्याच दिवशी वास आला होता. माझी छाती सांगते की मला."

मी खिडकीतल्या त्या बाटलीकडे बघितलं.

"त्यांना सांगणार होते. पण इतकी वर्षं संसार केला, त्यांना इतकं खूश मी कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, राहू दे. आन् मग बार्शीचं झालं. म्हटलं, आता तुमी सांगाल. तुमी सांगाल म्हणून मी वाट बघितली."

आतून लेकीचा आवाज येत होता. ती माझ्या बायकोला सांगत होती, "आबांना शेवटी त्या काढ्याचं खूळच लागलं होतं. आम्हीच हसायला नको होतं."

मी उठून आत जायला हवं होतं. तिला सांगायला हवं होतं की तुझ्या वडलांना आधी सगळं बरोबर माहीत होतं, ऊन, पाणी, अंडं मरत नाही हे सगळं, आणि त्यांना खूळ मी लावलं. मी चप्पल घातली. बायको बाहेर आली आणि रिक्षात म्हणाली, "गुणी माणूस हो."

तो माझा आवाज अजून त्या ग्रुपवर फिरत असतो म्हणे. मागे अक्कांच्या मुलानं मला दाखवला. त्याला कुणीतरी अक्कलकोटहून पाठवला होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, करून बघतो.

बार्शीला जाऊन लेकीला सांगायचं आहे. ते अजून केलेलं नाही. बायकोला आज हे वाचायला देणार आहे. ही दोन कामं उरकतील तेव्हा उरकतील, पण काकांचं त्यानं भागत नाही. त्यांनी मला दोनदा विचारलं होतं, एकदा दिवाणाशी बसून आणि एकदा गच्चीवर. मी त्यांना एक 'नाही' देणं लागतो.